काटा पलंगाखाली ढकलला तो दिवस

प्रश्न : मी ३८ वर्षांची, रावेर तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. उंची पाच फूट दोन इंच. गेल्या वर्षी जुलैत वजन ८४ किलो होतं आणि साखर काठावर आली होती. दुपारी दोन फुलके, रात्री सूप, भात बंद, पहाटे पाचला पाच किलोमीटर चालणं असं करून मार्चअखेर ६९ वर आले. एप्रिलमध्ये दिराचं लग्न झालं. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी काटा ७२ दाखवत होता. त्या दिवशी तो पलंगाखाली ढकलला. मग आखाजी (अक्षय्य तृतीया), मे महिन्याचं ऊन, जूनमध्ये सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, श्रावण, दिवाळी. परवा शाळेतल्या आरोग्य तपासणीत वजन ७९ निघालं. चालायचे बूट दिसले तरी चिडचिड होते. एक जानेवारीपासून पुन्हा तसंच सुरू करायचं ठरवलंय, पण आतून उत्साहच येत नाही. पहिल्यासारखी जिद्द परत कशी आणू?

उत्तर : ताई, तुम्ही विचारलंय जिद्दीबद्दल, पण माझं लक्ष अडकलं ते मधल्याच एका वाक्यावर. ‘त्या दिवशी तो पलंगाखाली ढकलला.’ बावीस वर्षं मी जळगावात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. वजन उतरवून परत वाढलेल्या माणसांच्या हकिगतीत असा एक दिवस हटकून सापडतो. कुणी त्या दिवशी वही मिटून ठेवतं. कुणी माझा फोन उचलणं सोडतं. एक गृहस्थ तर मेहरूण तलावाकडे फिरायला जायचेच बंद झाले, का तर रोजची मंडळी भेटतील आणि पोटाकडे बघतील. वजन त्या दिवशी वाढलेलं नसतं. ते नंतर, सावकाश वाढतं. त्या दिवशी फक्त बघणं थांबतं.

म्हणून आधी त्या ७२ चा हिशोब मांडू. त्या आकड्यानं तुम्हाला फसवलं असं माझं स्वच्छ मत आहे.

किलोभर चरबी अंगावर चढायची तर गरजेपेक्षा साधारण ७,७०० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. तीन किलोंना तेवीस हजार. आपल्याकडचं लग्न मला काही नवीन नाही. आधी उकडून मग तळलेली बट्टी, ती कुस्करून त्यावर वरण, वरणावर तुपाची धार, बाजूला घोटलेली वांग्याची भाजी, आणि वाढणारा भाऊबंद ‘अजून एक घ्या वहिनी’ म्हणत पुढ्यातून हलत नाही. हळदीपासून पुढचे तीन-चार दिवस असं जेवलं तरी जास्तीच्या तेवीस हजार कॅलरी होत नाहीत. फार फार तर अर्धा-पाऊण किलो चरबी. मग उरलेले सव्वादोन किलो आले कुठून? ते पाणी होतं. आपलं शरीर पिष्टमय पदार्थांतली साखर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं, आणि त्यातला प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. कमी खाण्याच्या महिन्यांत हा साठा अर्धामुर्धा रिकामा राहतो. बट्टी आणि बुंदी मिळाली की दोन दिवसांत तो भरतो, पाण्यासकट. त्यात खारट खाणं आणि जागरणं. तुम्ही गुपचूप घरच्या जेवणावर आला असता तर आठ-दहा दिवसांत तोच काटा सत्तरच्या आसपास उभा राहिला असता.

म्हणजे दिराच्या लग्नानं तुमचं काही बिघडवलं नाही. आखाजीच्या आमरसानंही नाही. दहा किलो वाढले ते पुढच्या साडेआठ महिन्यांत, आणि त्याला रोज जेमतेम तीनशे कॅलरी जास्त पुरतात. कालवणात दोन मोठे चमचे तेल जास्त आणि चहाबरोबर थोडीशी शेव, झाले तीनशे. हे कुणाच्या लक्षातही येत नाही. तुम्ही अधाशी नव्हता, तुमच्यातली जिद्दही कुठे गेली नव्हती. एक घसरण झाली, आणि घसरलेल्या जागेवरून परत वर यायला एका आठवड्याऐवजी साडेआठ महिने लागले, एवढंच घडलंय. घसरण सगळ्यांचीच होते, माझीही होते. मी माझ्याकडे येणाऱ्यांची प्रगती मोजते ती एकाच मापानं : घसरल्यापासून परत यायला किती दिवस लागले.

आता ७२ बघून काटा ढकलावासा का वाटला, याचीही एक जुनी गंमत सांगते. १९७५ साली हर्मन आणि मॅक या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलींवर एक प्रयोग केला. काहींना आधी मिल्कशेक प्यायला दिलं, काहींना दिलं नाही, आणि मग आइस्क्रीमची ‘चव पाहा’ म्हणून सगळ्यांपुढे हवं तेवढं आइस्क्रीम ठेवलं. एरवी वजनाची फारशी काळजी न करणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर कमी आइस्क्रीम खाल्लं. पोट भरलेलं होतं, साधी गोष्ट. पण ज्या सतत खाण्यावर लगाम ठेवून होत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. पथ्य मोडलंच आहे तर आता कशाला आवरायचं! धुळ्याकडून येणाऱ्या माझ्या एका पेशंट आजी हेच तीन शब्दांत म्हणायच्या, ‘आते काय उपेग?’ आता काय उपयोग. या तीन शब्दांनी जेवढं वजन वाढवलंय तेवढं पुरणपोळीनं वाढवलेलं मी पाहिलेलं नाही.

यात आमच्यासारख्यांचाही दोष असतो, तो कबूल करते. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एक बाई बारा किलो उतरवून सहा परत वाढवून आल्या होत्या. काट्याकडे बघून माझ्या तोंडून निघून गेलं, ‘एवढं कमावलेलं घालवलंत की हो.’ बाई हसल्या, फी देऊन गेल्या, आणि दोन वर्षं फिरकल्या नाहीत. परत आल्या तेव्हा वजन मूळच्या वर होतं आणि साखर तीनशेच्या पुढे. तेव्हापासून माणूस किती का वाढवून येईना, मी पहिलं वाक्य एकच म्हणते : बरं झालं आलात. तुम्हालाही तेच म्हणते. शाळेच्या तपासणीत काट्यावर उभ्या राहिलात, वर पत्र लिहिलंत. परतीची सुरुवात एक जानेवारीला व्हायची नाहीये, ती परवाच झाली.

उत्साह का येत नाही, याची मला दोन कारणं दिसतात, आणि त्यातलं एक तुमच्या हातात मुळीच नाही.

ते आधी. वजन उतरलं की शरीर त्याला संकट समजतं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये पन्नास लठ्ठ माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा आठवडे अगदी कमी आहार देऊन त्यांचं वजन उतरवलं आणि भुकेची संप्रेरकं मोजली. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटलेलं, भूक लावणारं घ्रेलिन वाढलेलं. वर्षभरानं पुन्हा मोजलं तरी ती पूर्वपदावर आलेली नव्हती, आणि माणसांना भूकही जास्तच लागत होती. दुसऱ्या एका मापनात असं दिसलं की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च वीस-तीस कॅलरींनी घटतो, आणि भूक मात्र शंभरेक कॅलरींनी वाढते. शंभर कॅलरी म्हणजे आपल्या रावेरचं एक मध्यम केळं. किलो उतरला की शरीर रोज एक केळं जास्त मागायला लागतं, असं धरा. (तो अभ्यास थोडे किलो उतरलेल्यांवरचा होता, त्यामुळे पंधरा किलोंना पंधरा केळी असा गुणाकार करत बसू नका. पण दिशा तीच.) तेव्हा मार्चमध्ये ६९ वर असताना तुम्ही भुकेशी रोज झगडत होता आणि ते कुणाला दिसत नव्हतं. तुम्ही ‘ढिल्या पडलात’ त्याच्या मागे हे ओझं होतं.

दुसरं कारण साधं आहे. पहिल्या वेळी उत्साह बाहेरून येत होता. दर आठवड्याला काटा खाली, ब्लाउज सैल, स्टाफरूममध्ये ‘मॅडम, काय करता हो?’, माहेरी गेल्यावर आईचं ‘किती वाळलीस’. दुसऱ्या वेळी यातलं काहीच मिळत नाही. ७९ वरून ७६ वर आलात तर कुणाच्या नजरेस पडणार नाही, आणि पडलंच तर ‘मागं यापेक्षा बारीक झाल्या होत्या तुम्ही’ असं ऐकायला मिळेल. त्या जुन्या उत्साहाची वाट बघत बसलात तर तो यायचा नाही, कारण त्याचा झराच आटलाय. माझ्या अनुभवात उत्साह कामाच्या मागून येतो. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आणि तोही पहिल्याइतका गाजावाजा करत नाही.

तुम्ही केळीच्या मुलखातल्या आहात म्हणून एक गोष्ट विचारते. मे-जूनच्या वादळात बाग आडवी होते तेव्हा शेतकरी काय करतो? नुकसान झालंय ते झालंय, रात्री झोप लागत नाही, पण म्हणून तो लगेच सगळं उपटून नव्यानं खड्डे खणत नाही. जिथे बुंध्याशी चांगलं पील, म्हणजे नवा कोंब, उभं आहे ते राखतो आणि पिलबाग धरतो, म्हणजे त्याच पिलावर पुढचं पीक घेतो. मुळं जमिनीत असतातच, ठिबकच्या नळ्याही अंथरलेल्याच असतात. तुमच्याकडे काय काय शिल्लक आहे ते बघा. पाच किलोमीटर चालता येतं हे पायांना माहीत आहे. पहाटे उठता येतं. कोणत्या वेळी भूक अनावर होते हे तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय तुम्ही ८४ वर नाही, ७९ वर आहात. पाच किलो, म्हणजे मूळ वजनाच्या सहा टक्के, या सगळ्या धबडग्यातही खाली राहिलेत. अमेरिकेत मधुमेह टाळण्याबद्दलचा एक मोठा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात आहार-व्यायाम करणाऱ्या गटाचं वजन सरासरी उतरलं होतं ५.६ किलो, आणि तेवढ्यानं मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. आणि आपल्या चेन्नईचे डॉ. रामचंद्रन यांनी २००६ मध्ये केलेला भारतीय अभ्यास तर मी वजनावरून रडणाऱ्या प्रत्येकाला सांगते : तिथे लोकांचं वजन जवळजवळ उतरलंच नाही, तरी चालणं आणि आहार सुधारल्यानं मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं. काटा सगळं सांगत नाही.

मग तुम्ही म्हणाल, काटा बघायला कशाला सांगता? सांगते. पण आधी तुमच्या एक जानेवारीबद्दल.

‘पुन्हा तसंच’ करू नका. कृपा करून. दोन फुलके आणि सूप हा आहार शांत काळापुरता होता. सासूबाई हिंडत्या-फिरत्या होत्या, घरात लग्न नव्हतं, ऊन नव्हतं, तोवर चालला. पहिला धक्का बसला आणि कोसळला, कारण त्यात धक्का सोसायची सोयच नव्हती. घरच्यांसाठी वेगळा स्वयंपाक, तुमच्यासाठी वेगळा. जूनमध्ये आजारपण काढताना दोन स्वयंपाक कोण करणार होतं?

आणि आणखी एक. नऊ महिन्यांत पंधरा किलो म्हणजे सरासरी रोज सव्वाचारशे कॅलरींची तूट. दोन फुलके, सूप आणि पाच किलोमीटर हे सगळं तुम्ही लिहिलंय तसं रोज घडलं असतं तर तूट याहून पुष्कळ जास्त निघायला हवी होती. याचा अर्थ तुम्ही अधूनमधून नीट जेवत होता, कधी चालणं बुडत होतं, शाळेत कुणाच्या वाढदिवसाचा पेढा खाल्ला जात होता. मी हे पकडण्यासाठी म्हणत नाही. उलट, आनंदाची बातमी म्हणून सांगतेय : एवढं सगळं होऊनही पंधरा किलो उतरले. वजन उतरलं त्याचं श्रेय तुम्ही त्या कडक नियमांना देताय. ते खरं तर तुमच्या प्रत्यक्षातल्या, जरा सैल, माणसासारख्या वागण्याला आहे. तेवढंच परत हवंय.

तेव्हा आता काय करायचं. पहिले पंधरा दिवस वजन उतरवायचं नाही. हे ऐकून लोक माझ्याकडे संशयानं बघतात, पण मी ठाम आहे. पंधरा दिवस फक्त दोन कामं : सकाळी उठून, लघवीला जाऊन आल्यावर काट्यावर उभं राहायचं आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचा, आणि दिवसात कधीही दहा मिनिटं चालायचं. पाच किलोमीटर नको. पहाटे पाचही नको, डिसेंबरात अंधार, थंडी आणि कुत्री. मधल्या सुट्टीत शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारल्या तरी चालतील, पोरं हसली तर हसू देत. दहा मिनिटं झाल्यावर अजून चालावंसं वाटलं तर चाला, पण हिशोबात दहाच धरा. सवयींवरचा लंडनचा एक अभ्यास २०१० साली आला, त्यात एखादी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला त्याहून कितीतरी जास्त. त्यातलं मला आवडलेलं निरीक्षण वेगळंच आहे : मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात काही फरक पडला नाही. एक दिवस बुडाला म्हणून पहिल्यापासून मोजायचं कारण नाही.

काट्याबद्दल सांगते म्हटलं होतं. रीना विंग या संशोधिकेनं २००६ मध्ये ३१४ माणसांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. सगळी नुकतंच वजन उतरवलेली. त्यांना वजन कसं उतरवायचं हे शिकवायचं नव्हतंच. शिकवलं ते एवढंच : रोज वजन करा आणि स्वतःला रंग द्या. थोडंफार इकडेतिकडे असेल तर हिरवा. दीड किलोच्या आसपास वाढलं की पिवळा. सव्वादोन किलोंच्या वर गेलं की लाल, आणि लाल झालं की आधी ठरवलेल्या गोष्टी त्याच दिवशी सुरू. दीड वर्षानं पाहिलं तर ज्यांना फक्त माहितीपत्रकं दिली होती त्यांच्यातल्या ७२ टक्के लोकांनी सव्वादोन किलो किंवा जास्त परत कमावले होते, आणि समोरासमोर बसून हे शिकलेल्यांतल्या ४६ टक्क्यांनी. चमत्कार नाही, बघा, ४६ टक्केही थोडे नाहीत. पण एवढ्याशा गोष्टीनं एवढा फरक पडतो.

तुमच्यासाठी मी रेघा अशा मारेन : ८० पर्यंत हिरवा, ८१ पर्यंत पिवळा, त्यावर लाल. वजन उतरत जाईल तशा रेघा खाली सरकवायच्या. लाल आला तर काय करायचं ते आजच, डोकं शांत असताना कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. तीन ओळी पुरेत. आठवडाभर तळण आणि गोड बंद, संध्याकाळी पंधरा मिनिटं जास्त चालणं, आणि एका मैत्रिणीला आकडा कळवणं. रडारड नको, उपास नको. आकडा बघून ज्यांचा अख्खा दिवस खराब जातो अशाही बायका असतात. तुम्ही त्यातल्या असाल तर आठवड्यातून एकदाच, बुधवारी वजन करा. सोमवारी नको, रविवारचं जेवण काट्यावर उभं असतं.

तिसऱ्या आठवड्यापासून ताटाकडे वळू. एकच नियम : घरातल्या सगळ्यांच्या पातेल्यातलंच खायचं. सूप बंद. आपल्या खान्देशी जेवणाला उगाच बदनाम केलंय लोकांनी. कळण्याची भाकरी घ्या. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेले, धान्याबरोबर डाळीची प्रथिनं, आणि एका भाकरीत पोटाला जो आधार मिळतो तो दोन फुलक्यांत मिळत नाही. सध्या भरिताचा हंगाम आहे. शंभर ग्रॅम वांग्यात पंचवीसेक कॅलरी असतात, म्हणजे काहीच नाही. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेलं बामणोदचं वांगं हे डाएटचं जेवण आहे असं सांगितलं तर पुण्या-मुंबईचे लोक पैसे देऊन खातील. गडबड होते ती फोडणीत आणि बरोबरच्या पुरीत. एका मोठ्या चमचाभर तेलात १२०-१३० कॅलरी जातात, मग ते लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल असो की दुसरं कुठलं. ‘घाण्याचं आहे, चांगलं असतं’ म्हणून दुप्पट ओतणारी घरं मी रोज बघते. तेव्हा भरीत खा, बरोबर भाकरी घ्या, पुरी एखादी.

तेलाला मोजायची सोपी युक्ती अशी. घरात किती माणसं आहेत? माणशी महिन्याला पाऊण किलोच्या आत तेल बसवायचं. पाच माणसं असतील तर साडेतीन किलो. पहिल्या तारखेला तेवढं वेगळ्या बरणीत काढा आणि महिना त्यात भागवा. कॅलरी मोजायची गरज नाही, चमचे मोजायचीही नाही, आणि सासूबाईंना ‘सुनेचं डाएट’ असंही वाटणार नाही. त्यांच्या गुडघ्यांनाही ते बरंच आहे. शेवभाजी महिन्यातून दोनदा, बाहेरची नको, घरची, वरचा तर्रीचा थर चमच्यानं काढून. पातोड्यांचं कालवण चालेल, बेसनाचंच असतं. चहाबरोबरच्या शेवेचा डबा मात्र वरच्या फळीवर, स्टूल लागेल इतका वर.

प्रथिनांकडे लक्ष द्या, कारण वजन उतरतं तेव्हा त्यातला साधारण पाव भाग चरबी नसून स्नायू वगैरे असतो, आणि परत चढते ती मुख्यतः चरबी. दोन्ही जेवणांत मूग, मठ, हरभरा यांपैकी काहीतरी, वाटीभर दही किंवा ताक, खात असाल तर अंडं. आणि आठवड्यातून तीनदा, खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, पंधरा-पंधरा वेळा. शिक्षिकेच्या खोलीत खुर्ची असतेच.

पहिलं लक्ष्य ६९ नाही. तीन महिन्यांत ७६. मग दोन महिने तिथेच थांबायचं, मुद्दाम. उतरवायला तुम्हाला येतं, ते सिद्ध झालंय. राखायला येत नाही, त्याचा सराव कधी केलाच नव्हता. हा थांबा म्हणजे तो सराव. बरोबर याच काळात आखाजी येईल, आणि मला ती हवीच आहे.

कारण खान्देशात राहून आखाजी टाळायची हे मला मान्य नाही. लेक माहेरी येते, झोके बांधले जातात, घागरीवर डांगर (खरबूज) ठेवलं जातं, खापरावरचे मांडे होतात. ते मांडे ज्यानं खाल्लेत त्याला मी खाऊ नका म्हणणार नाही. श्रावणात कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदांतच संपवायचे असतात, तिथे ‘मी डाएटवर आहे’ चालत नाही. तेव्हा सण खा. फक्त सणाला जाण्याआधी परतीचं तिकीट काढून ठेवा : माहेराहून कोणत्या दिवशी निघणार, त्या रात्री घरी काय शिजणार, आणि चौथ्या दिवशी सकाळी काटा. तिसऱ्या दिवशीचा नको, तो पाण्याचा असतो, हे आता तुम्हाला माहीत आहे. चौथ्या दिवशी जो काही आकडा दिसेल तो लिहायचा. ७८ दिसला तर ७८. उन्हाळ्याचं म्हणाल तर मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा चालण्याचा हट्ट सोडा. घरात, पंख्याखाली, गाणी लावून वीस मिनिटं पाय हलवले तरी खूप. आणि घरात आजारपण निघालं तर पुन्हा पंधरा दिवसांच्या नियमावर यायचं : काटा आणि दहा मिनिटं. बाकी सगळं सोडून दिलंत तरी चालेल.

दोन-तीन गोष्टी तपासून मात्र घ्या. थायरॉइडची टीएसएच आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची एचबीए१सी या चाचण्या या महिन्यातच करा, साखर काठावर होती म्हणून दुसरी जास्त महत्त्वाची. पाळी अनियमित झाली असेल तर डॉक्टरांना सांगा. मध्यंतरी कुठल्या गोळ्या सुरू झाल्या असतील, विशेषतः स्टिरॉइड किंवा मानसिक आजारावरच्या काही, तर त्यांनीही वजन वाढतं. पण त्या आपल्या मनानं बंद करू नका. हल्ली वजनाच्या इंजेक्शनांबद्दल सगळे विचारतात. काहींना ती खरोखर गरजेची असतात, पण त्यातलं सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आल्याचं अभ्यासात दिसलंय. परतीचा प्रश्न तिथेही सुटत नाही.

आणि एक विचारायचं राहिलं. चिडचिड फक्त बूट दिसल्यावरच होते का? की शाळेत शिकवण्यातही रस वाटत नाही, झोप तुटते, रडू येतं, लपूनछपून खाणं होतं आणि थांबवता येत नाही? एखाद्याचं आजारपण काढलेल्या बायकांत हे फार दिसतं आणि त्या त्याला आळस म्हणतात. पंधरा दिवसांहून जास्त असं चाललं असेल तर वजनाचं सगळं बाजूला ठेवा आणि मानसोपचार तज्ज्ञांना भेटा. गावातून जळगावला जाणं लगेच जमत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलतात.

तसं काही नसेल तर एक जानेवारीची वाट बघू नका. आज संध्याकाळी पलंगाखालचा काटा काढा, धूळ पुसा. आठ-साडेआठ महिने पडून आहे, सेल उतरला असेल, तो येताना दुकानातून घेऊन या.